कागदावर उतरलेल्या भिंती: आल्ला होर्स्का यांच्या पाच मुद्रितांच्या संचाचे परीक्षण

युक्रेनी चित्रकार आल्ला होर्स्का यांच्या पाच कलाकृतींच्या छापील प्रतिकृती आणि त्यांच्यासोबत चोवीस पानांची इंग्रजी पुस्तिका, असा एक संच युरोपातील एका ऑनलाइन दुकानात विकत मिळतो. दुकानाचे नाव येथे देत नाही. २०२२ सालच्या मारियुपोलच्या युद्धानंतर होर्स्का यांचे नाव युक्रेनबाहेरही पोहोचले, आणि या परीक्षणातील बहुतेक मुद्दे अशा कोणत्याही संचाला लावून पाहता येतील. संचात मारियुपोल शहरातील ‘बोरिविटेर’ आणि ‘जीवनवृक्ष’ ही दोन मोझेक (रंगीत तुकडे जोडून केलेली) भित्तिचित्रे, कीव विद्यापीठासाठी घडवलेले कवी तारास शेव्चेन्को यांचे काचचित्र, १९६० सालचे ‘मुलासह आत्मचित्र’ आणि मित्रांच्या व्यक्तिचित्रांचे एक पान आहे. सर्व मुद्रिते ए-२ आकाराची असून जाड, चकाकी नसलेल्या कागदावर छापलेली आहेत. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून संच सुमारे नऊ हजार रुपयांना पडतो. एवढ्या पैशांत पाचपैकी दोनच मुद्रिते भिंतीवर लावण्याजोगी आहेत, असे माझे मत झाले आहे, आणि उरलेली तीन का फसली हे समजून घ्यायचे तर होर्स्का यांनी आयुष्यभर नेमके काय काम केले ते आधी पाहावे लागते.

पुस्तिकेची सुरुवात ‘क्रिमियात जन्मलेली सोव्हिएत चित्रकार’ अशा शब्दांनी होते. त्यात खोटे काही नाही, पण अर्धेच सांगितले आहे. होर्स्का यांचा जन्म १८ सप्टेंबर १९२९ रोजी याल्टा येथे झाला. वडील ओलेक्सांद्र होर्स्की हे सोव्हिएत चित्रपटसृष्टीतील वजनदार प्रशासक होते आणि त्यांनी याल्टा, लेनिनग्राड, पुढे कीव अशा ठिकाणच्या चित्रपट स्टुडिओंचे कामकाज सांभाळले. मुलगी आणि आई दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला पडलेल्या जर्मन वेढ्यात दोन हिवाळे अडकून पडल्या आणि जगल्या. थोरला भाऊ आर्सेन युद्धात मारला गेला. १९४३ साली कझाकस्तानातील अल्मा-अताला हलवले गेलेले हे कुटुंब त्याच वर्षअखेरीस कीवला आले. घरात रशियन बोलली जाई, दारात मोटार असे, आणि कीवच्या कला विद्यालयातून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडलेल्या या मुलीपुढे सरकारमान्य चित्रकाराची सरळ वाट होती. १९४८ ते १९५४ या काळात कीवच्या कला संस्थेत सेर्ही ह्रिहोरिएव्ह या समाजवादी वास्तववादाच्या, म्हणजे सोव्हिएत सरकारमान्य शैलीच्या, मान्यवर चित्रकाराच्या वर्गात तिने शिक्षण घेतले, १९५२ साली सहाध्यायी विक्तोर झारेत्स्की यांच्याशी लग्न केले, पूर्व युक्रेनमधील दोनबास या कोळसाखाणींच्या प्रदेशातल्या कामगारांची चित्रे रंगवली आणि १९५९ साली सरकारी चित्रकार संघाचे सदस्यत्व मिळवले. तिशीपर्यंतचे हे आयुष्य पाहून पुढच्या दहा वर्षांचा अंदाज कोणालाही बांधता आला नसता. पुस्तिका मात्र ही तीस वर्षे चार ओळींत उरकते, त्यामुळे पुढे त्यांनी कशावर पाणी सोडले हे वाचकाला कळतच नाही.

आत्मचित्राचे मुद्रित संचातले सर्वांत चांगले आहे. मूळ काम एका सपाट पृष्ठभागावरचे, मर्यादित आकाराचे. छपाईला ते मानवते. रंगांचे थर, कडांवरची ब्रशची हालचाल आणि मोकळी सोडलेली जागा हे सारे जवळून पाहिले तरी टिकते. चित्र काढले तेव्हा मुलगा ओलेक्सी सहा वर्षांचा होता, आणि होर्स्का स्वतः ज्या वळणावर उभ्या होत्या त्याचा अंदाज चित्रातल्या आकारांच्या साधेपणावरून येतो. आखीवरेखीव, अकादमीत शिकवलेले चित्रण त्या मागे टाकू लागल्या होत्या. याच सुमारास कीवमध्ये लेस तान्युक या तरुण दिग्दर्शकाच्या पुढाकाराने तरुण कलावंतांचा एक क्लब सुरू झाला होता, आणि होर्स्का त्याच्या आधारस्तंभांपैकी एक बनल्या. त्यांनी नादिया स्वित्लिचना यांच्याकडे युक्रेनी भाषेचे धडे घेतले. तिशी ओलांडलेली, मान्यताप्राप्त चित्रकार शाळकरी मुलीसारखी शुद्धलेखनाच्या वह्या भरत बसली, आणि त्यानंतर पत्रव्यवहारासाठीही तिने हीच भाषा निवडली. त्या काळच्या कीवमध्ये हा निर्णय केवळ सांस्कृतिक हौस म्हणून पाहिला जाणे शक्य नव्हते.

मित्रांच्या व्यक्तिचित्रांचे पान हे दुसरे यशस्वी मुद्रित. काळ्या-पांढऱ्या रेषांची ही चित्रे कागदासाठीच जन्मलेली, आणि कागदावरच ती पुन्हा उतरली आहेत. कवी वासिल सिमोनेन्को आणि निबंधकार येव्हेन स्वेर्स्त्यूक यांचे चेहरे होर्स्का यांनी मोजक्या, ठाशीव रेषांत पकडले आहेत. कुठेही छायेची नाजूक कारागिरी नाही. कपाळ, भुवई, जबडा या जागा लाकूड तासल्यासारख्या कापलेल्या आहेत. मुद्रकाने काळा रंग खरोखर काळा ठेवला आहे, तो करड्याकडे झुकलेला नाही, आणि या जातीच्या छपाईत एवढे साधले तरी पुष्कळ. केवळ हे पान सुटे विकत मिळत असते, तर मी ते डोळे झाकून घ्यायला सांगितले असते.

मात्र या चेहऱ्यांखाली नावे आणि वर्षे यांपलीकडे काही नाही. १९६२ साली होर्स्का, सिमोनेन्को आणि तान्युक यांनी कीवजवळच्या बिकिव्न्या येथील जंगलात स्टालिनच्या काळात गोळ्या घातलेल्या लोकांच्या सामुदायिक दफनभूमीचा माग काढला आणि तिची दखल घ्यावी असे निवेदन शहराच्या प्रशासनाला दिले, ही गोष्ट या पानाशेजारी येणे अगत्याचे होते. सिमोनेन्को त्यानंतर फार जगले नाहीत. डिसेंबर १९६३ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते गेले. ज्यांची चित्रे काढली ती माणसे होर्स्का यांच्या कीवमधल्या घरी येऊन बसणारी, एकमेकांची हस्तलिखिते वाचणारी आणि पुढे एकामागून एक तुरुंगात गेलेली माणसे होती. हे ठाऊक असले, की पानावरचे चेहरे एका गटाची नोंदवही म्हणून वाचता येतात. ठाऊक नसले, की ती नुसती चांगली रेखाटने उरतात.

आता काचचित्राकडे वळू, कारण संचातली सर्वांत मोठी चूक तेथे आहे. मुद्रिताखाली ‘शेव्चेन्को, काचचित्र, १९६४, कीव विद्यापीठ’ एवढेच छापले आहे आणि पुस्तिकेतही याहून अधिक काही नाही. वाचणाऱ्याचा समज असा होईल, की कीवला गेल्यावर विद्यापीठाच्या दर्शनी दालनात हे काचचित्र पाहता येईल. ते तेथे नाही. शेव्चेन्को यांच्या जन्माच्या दीडशेव्या वर्षानिमित्त विद्यापीठाच्या लाल इमारतीसाठी होर्स्का, ओपानास झालिवाखा, ल्युदमिला सेमिकिना, हालिना सेवरुक आणि हालिना झुबचेन्को यांनी मिळून ते घडवले होते. संतप्त कवी एका हाताने अन्यायग्रस्त स्त्रीला आधार देतो आहे आणि दुसऱ्या हातात ग्रंथ उंचावतो आहे, अशी रचना. भोवती कवीच्याच ओळी, ज्यांत मुक्या गुलामांची बाजू राखण्यासाठी शब्दाला पहारेकरी म्हणून उभे करण्याची प्रतिज्ञा आहे. १८ मार्च १९६४ रोजी, उद्घाटनापूर्वीच, अधिकाऱ्यांच्या आदेशावरून ते फोडण्यात आले. नंतर चौकशी समिती बसली आणि तिने कलाकृती विचारसरणीच्या दृष्टीने शत्रुत्वाची ठरवली. म्हणजे आधी शिक्षा अमलात आली आणि मग निकाल लिहिला गेला. होर्स्का आणि सेमिकिना यांना चित्रकार संघातून काढून टाकण्यात आले. वर्षभराने त्यांना परत घेतले गेले.

आज या काचचित्राची कल्पना छायाचित्र आणि आराखडे यांवरूनच करावी लागते. संचातील मुद्रित मात्र भडक, एकसारख्या रंगांत आहे आणि त्यात काचेच्या तुकड्यांतून येणाऱ्या प्रकाशाचा आभास संगणकावर निर्माण केलेला उघड दिसतो. मूळ काचेवर रंग कसे होते हे कोणत्या आधारावर ठरवले, याचा उल्लेख कोठेही नाही. नष्ट झालेल्या कलाकृतीची पुनर्रचना करणे गैर नाही. पण ती पुनर्रचना आहे हे सांगायलाच हवे. येथे ते सांगितलेले नाही, आणि एका विध्वंसाची गोष्ट, जी या चित्रकाराच्या आयुष्यातली निर्णायक गोष्ट आहे, सजावटीच्या वस्तूखाली गाडली गेली आहे. हे मुद्रित मी चौकटीत बसवणार नाही.

दोन मोझेक चित्रांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि बहुतेक ग्राहक त्यांच्यासाठीच हा संच घेतील. ‘बोरिविटेर’ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात माळरानांवर वाऱ्याला तोंड देऊन एकाच जागी पंख फडफडवत राहणारी खरुची. निळ्या विस्तारावर पंख पसरलेला पक्षी आणि भोवती भिरभिरणारे आकार असे हे चित्र आणि त्याचे जोडीदार ‘जीवनवृक्ष’ १९६७ साली मारियुपोलमधील ‘उक्राइना’ नावाच्या रेस्टॉरंटसाठी करण्यात आले. शहराचे नाव तेव्हा झ्दानोव्ह होते. म्हणजे ही चित्रे संग्रहालयासाठी केलेली नव्हती. जेवायला आलेल्या पोलाद कारखान्यातल्या कामगारांनी, टेबलाशी बसून, दिव्यांच्या उजेडात ती पाहावीत असा त्यामागचा हेतू होता. पुढे रेस्टॉरंट गेले, जागेचा वापर बदलला, आणि बराच काळ या भिंती लोकांच्या विस्मरणात गेल्या. जुलै २०२२ मध्ये, रशियन सैन्याने शहर ताब्यात घेतल्यानंतर, ही भित्तिचित्रे उद्ध्वस्त झाल्याचे मारियुपोलच्या युक्रेनी नगरप्रशासनाकडून सांगण्यात आले. त्यामुळे आज जगभरात जे मुद्रित विकले जाते ते आधीच्या छायाचित्रांवरून काढलेले असते, आणि त्या छायाचित्रांचा दर्जा हाच मुद्रिताच्या दर्जाचा कमाल पल्ला ठरतो.

मोझेकचे छायाचित्र छापताना काय हरवते, हे या दोन पानांवरून चांगले कळते. स्मॉल्ट नावाची रंगीत काच, सिरॅमिक फरशांचे तुकडे आणि धातू ही या भिंतींची सामग्री. यातील प्रत्येक तुकडा भिंतीत किंचित वेगळ्या कोनात बसतो, त्यामुळे माणूस चालू लागला की उजेडाची तिरीप एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरकते आणि धातूचा भाग कधी काळा, कधी पांढरा दिसतो. कॅमेरा यातला एकच क्षण टिपतो. संचातील ‘बोरिविटेर’मध्ये धातू सरसकट करडा झाला आहे, काचेची निळाई हिरवटाकडे ढळली आहे आणि तुकड्यांमधल्या सांध्यांच्या रेषा, ज्यांच्यामुळे पक्ष्याच्या पंखाला गती मिळते, धूसर झाल्या आहेत. ‘जीवनवृक्षा’त त्याहून वाईट स्थिती आहे, कारण त्यातील फुलांसारखे गोल आकार आणि खोडाची रचना ही पृष्ठभागाच्या उंचसखलपणावर बरीच अवलंबून आहे. चकाकी नसलेला कागद व्यक्तिचित्रांसाठी योग्य होता. मोझेकसाठी तो चुकीचा आहे. या दोन पानांसाठी वेगळा, किंचित तकतकीत कागद घेतला असता, तर निदान काचेचा भास तरी राहिला असता.

मोजमापाचा उल्लेख नसणे हीदेखील साधी बाब नव्हे. पाचही कलाकृती एकाच आकारात छापल्यामुळे हातात धरण्याजोगे रेखाटन आणि माणसाहून कितीतरी मोठी भिंत यांत पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही. एखाद्या कोपऱ्यात माणसाची छोटी आकृती काढून प्रमाण दाखवले असते तरी पुरले असते.

यापेक्षा गंभीर आक्षेप श्रेयाबद्दल आहे. दोन्ही मोझेक चित्रांखाली एकट्या होर्स्का यांचे नाव आहे. वस्तुतः ही कामे एका जथ्याची होती. त्यात विक्तोर झारेत्स्की, हालिना झुबचेन्को, ह्रिहोरी प्रिशेद्को, बोरिस प्लाक्सी यांच्यासारखे चित्रकार होते, आणि ज्यांनी होर्स्का यांना भाषा शिकवली त्या नादिया स्वित्लिचनाही भिंतीपाशी राबल्या. झारेत्स्की हे स्वतः मोठे चित्रकार होते. त्यांना १९९४ साली मरणोत्तर शेव्चेन्को पुरस्कार मिळाला. त्यांचे नाव पुस्तिकेत केवळ ‘पती’ म्हणून येते. होर्स्का या गटाच्या केंद्रस्थानी होत्या हे निर्विवाद आहे, पण एकट्या प्रतिभावंताची मूर्ती उभी करण्यासाठी बाकीच्यांची नावे पुसणे हे त्यांच्या काम करण्याच्या पद्धतीच्याच विरुद्ध आहे. सोव्हिएत व्यवस्थेने त्यांच्यातील काहींची नावे पुसण्याचा प्रयत्न केला होता. विक्रेत्याने निदान तेवढे तरी करू नये.

या सामूहिक कामाची परंपरा कोठून आली, हे पुस्तिकेने चुकीच्या दिशेला शोधले आहे. तिच्यात मेक्सिकोच्या भित्तिचित्रकारांचा प्रभाव एवढेच कारण दिले आहे. तो प्रभाव असू शकतो, पण जवळचा आणि अधिक महत्त्वाचा धागा युक्रेनमध्येच होता. मिखाइलो बोइचुक या चित्रकाराने १९२० च्या दशकात कीवमध्ये बायझंटाइन चित्रकला आणि युक्रेनी लोककला यांच्या आधारावर भित्तिचित्रांची एक शाळा उभी केली होती, जिच्यात गुरू आणि शिष्य मिळून भिंती रंगवत. १९३७ साली बोइचुक आणि त्यांच्या काही निकटच्या शिष्यांना गोळ्या घालण्यात आल्या आणि त्यांच्या भिंतींपैकी बहुतेक नष्ट करण्यात आल्या. या शाळेतील मिकोला रोकित्स्की यांचे विद्यार्थी ह्रिहोरी सिनित्स्या यांनी १९६५-६६ साली दोनेत्स्कमधील एका शाळेच्या इमारतीवरील मोझेक चित्रांच्या मोठ्या कामात होर्स्का आणि इतरांना बरोबर घेतले. आकार सोपे करणे, रंग मोजके ठेवणे, भिंतीला खिडकी न समजता भिंतच समजणे, या गोष्टी त्यांनी तेथे आत्मसात केल्या. त्या शाळेच्या भिंतींवर प्रोमिथिअस, सूर्य, अवकाश, पृथ्वी असे विषय होते. दोनेत्स्कमधीलच एका जवाहिऱ्याच्या दुकानातले ‘स्त्री-पक्षी’ हे मोझेक त्यानंतरचे, आणि मारियुपोलचे पक्षी व वृक्ष हे त्याच वाटेवरचे पुढचे टप्पे. खऱ्या अर्थाने परिपूर्ण संच काढायचा तर काचचित्राच्या त्या संशयास्पद रंगीत प्रतीऐवजी दोनेत्स्कच्या भिंतीला जागा द्यायला हवी होती.

पुस्तिकेने होर्स्का यांना ‘भूमिगत चित्रकार’ म्हटले आहे. मॉस्कोतील अनधिकृत चित्रकारांच्या गोष्टी वाचून ज्यांच्या मनात खोलीत दडवलेल्या कॅनव्हासचे चित्र पक्के झाले आहे, त्यांना हा शब्द आवडेल. होर्स्का यांना तो लागू होत नाही. त्यांची मोठी कामे शाळा, दुकान, रेस्टॉरंट अशा सार्वजनिक जागी, सरकारी पैशांतून, दिवसाढवळ्या झाली. कीवच्या ‘वित्र्याक’ रेस्टॉरंटसाठीही त्यांच्या गटाने ‘वारा’ नावाचे मोझेक केले. सजावटीच्या कामांवर चित्रप्रदर्शनांइतकी कडक नजर नसे, आणि राजधानीपासून दूर, औद्योगिक दोनबासमध्ये ती आणखी सैल असे. या फटीचा उपयोग या मंडळींनी करून घेतला. इतकेच काय, आयुष्याच्या शेवटच्या काळात होर्स्का क्रास्नोदोन येथील ‘यंग गार्ड’ (दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्ध लढलेला तरुणांचा गट) संग्रहालयासाठी ‘विजयध्वज’ हे भव्य मोझेक करणाऱ्या गटातही होत्या, आणि हा विषय तर सोव्हिएत देशभक्तीच्या गाभ्यातला. विरोधक कलावंताने राजमान्य विषयावर काम करावे यात आज काहींना विसंगती वाटेल. मला ती वाटत नाही. पोटापाण्याचे काम, भिंतीवरची स्वतःची भाषा आणि नागरिक म्हणून घेतलेली भूमिका या तीन गोष्टी त्या एकाच वेळी सांभाळत होत्या, आणि त्यांचे मोठेपण नेमके या ओढाताणीत आहे.

नागरिक म्हणून त्यांनी घेतलेली भूमिका पुस्तिकेत बऱ्यापैकी नीट आली आहे, हे मान्य केले पाहिजे. १९६५ साली युक्रेनी बुद्धिजीवींची धरपकड झाली आणि काचचित्रातील सहकारी झालिवाखा यांना पाच वर्षांची छावणीची शिक्षा झाली. होर्स्का यांनी सरकारी अभियोक्त्याकडे निषेध नोंदवला, कैद्यांच्या कुटुंबांना मदत केली आणि रशियातील मोर्दोव्हियाच्या छावणीत, जेथे चित्रे काढण्यास मनाई होती, तेथील झालिवाखांशी पत्रव्यवहार ठेवला. १९६७ साली पत्रकार व्याचेस्लाव चोर्नोविल यांच्यावर ल्विव येथे खटला चालला तेव्हा त्या तेथे गेल्या. १९६८ साली ब्रेझनेव्ह, कोसिगिन आणि पोदगोर्नी या सर्वोच्च सोव्हिएत नेत्यांना १३९ जणांच्या सह्यांचे जे निषेधपत्र गेले, त्यावर त्यांची सही होती. त्याबद्दल चित्रकार संघातून त्यांना दुसऱ्यांदा काढण्यात आले. १९७० साली इतिहासकार व्हालेंतिन मोरोझ यांच्या प्रकरणात चौकशीसाठी बोलावले असता त्यांनी साक्ष देण्याचे नाकारले. हा सर्व भाग पुस्तिकेत वर्षवार आणि संयत भाषेत आहे.

मृत्यूचा भाग तसा नाही. चोवीस पानांतील जवळजवळ एक तृतीयांश जागा होर्स्का यांच्या हत्येला दिलेली आहे आणि तिची मांडणी रहस्यकथेसारखी आहे. ज्ञात घटनाक्रम असा: २८ नोव्हेंबर १९७० रोजी त्या कीवजवळच्या वासिल्किव येथे सासऱ्यांच्या घरी शिवणयंत्र आणायला गेल्या आणि परतल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सासरे इवान झारेत्स्की यांचा मृतदेह फास्तिवजवळ रेल्वेमार्गावर सापडला. २ डिसेंबरला वासिल्किवच्या घराच्या तळघरात होर्स्का यांचा मृतदेह मिळाला; शोध घेणाऱ्यांत नादिया स्वित्लिचना आणि येव्हेन स्वेर्स्त्यूक होते. सासऱ्यांनी वैयक्तिक द्वेषातून सुनेचा खून केला आणि मग आत्महत्या केली, असा अधिकृत निष्कर्ष काढून तपास लवकर गुंडाळण्यात आला. मित्रमंडळींनी तो कधीच मानला नाही आणि सोव्हिएत सुरक्षायंत्रणेकडे बोट दाखवले. युक्रेनमध्ये आज हेच मत सर्वदूर आहे. पुस्तिका हे मत सिद्ध झालेल्या न्यायालयीन निकालासारखे मांडते. तसा निकाल लागलेला नाही, आणि सत्य जे असेल ते असो, ठपका आणि पुरावा यांतला भेद पुसल्याने होर्स्का यांच्या बाजूचे भले होत नाही. ७ डिसेंबरच्या अंत्यविधीला पाळत असतानाही लोक जमले, स्वेर्स्त्यूक बोलले, कवी वासिल स्तुस यांनी कविता वाचली, आणि तेथे बोललेल्यांपैकी कित्येकांना पुढच्या काही वर्षांत अटक झाली. या गोष्टीला दोन ओळी मिळाल्या आहेत आणि हत्येच्या हत्याराला परिच्छेदभर जागा. संपादनातील ही चूक तोल बिघडवणारी आहे.

हक्कांविषयी एक प्रश्न विचारायलाच हवा. संचावर किंवा पुस्तिकेत वारसांच्या परवानगीचा उल्लेख नाही. होर्स्का यांचे निधन १९७० साली झाले. युक्रेनमध्ये स्वामित्वहक्क निधनानंतर सत्तर वर्षे आणि भारतात साठ वर्षे टिकतो, म्हणजे दोन्ही देशांत तो अद्याप संपलेला नाही. शिवाय सामूहिक कलाकृतींच्या बाबतीत ही मुदत सर्वांत शेवटी निधन पावलेल्या सहकलावंताच्या मृत्यूपासून मोजली जाते. परवानगी घेतलेलीही असेल, पण मग ती छापायला काय हरकत होती? युद्धात उद्ध्वस्त झालेल्या भिंतीचे चित्र विकून मिळालेल्या पैशांतला वाटा कोणाकडे जातो, हे जाणून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. खरेदीपूर्वी विक्रेत्याला एक ईमेल करून हे विचारून घ्यावे, आणि गुळमुळीत उत्तर आले तर खरेदी टाळावी.

पाठवणीबद्दल तक्रार नाही. मुद्रिते जाड पुठ्ठ्याच्या नळीत, मध्ये पातळ कागद घालून, एकही कोपरा न दुमडता पोहोचली. नळीतून काढल्यावर ती सपाट व्हायला वेळ लागतो. वजनदार पुस्तकांखाली दोन दिवस ठेवावीत, इस्त्री फिरवण्याचा उपद्व्याप कोणी करू नये. आपल्या हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, खरी परीक्षा पावसाळ्यात असते. फ्रेमवाल्याला आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) वापरायला सांगावे, मागच्या बाजूला साधे हार्डबोर्ड थेट कागदाला टेकू देऊ नये, आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना छोटी बुचे लावून भिंतीपासून थोडे अंतर ठेवावे, म्हणजे ओल कागदात उतरत नाही. व्यक्तिचित्रांच्या पानाला रुंद पांढरा माउंट आणि काळी, बारीक चौकट शोभते. काच लावायचीच तर प्रतिबिंब न पडणारी घ्यावी. काळ्या रेषांवर समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब पडले, की चित्राची सगळी ताकद जाते. आत्मचित्र उन्हापासून दूर ठेवावे, कारण छपाईच्या शाईच्या टिकाऊपणाबद्दल विक्रेत्याने दिलेली माहिती मोघम आहे.

भित्तिचित्रांच्या दोन पानांचा उपयोग मला वेगळा वाटतो. चौकटीत घालून दिवाणखान्यात लावण्यापेक्षा ती कलाशिक्षकांनी वर्गात वापरावीत. मोझेकमध्ये आकार कसा तोडायचा, मोजक्या रंगांत मोठा पृष्ठभाग कसा बांधायचा, हे शिकवायला ‘बोरिविटेर’ची रचना, रंग बिघडलेले असूनही, उत्तम उदाहरण आहे. सोबत काचेचे आणि फरशीचे खरे तुकडे हातात दिले, तर छपाईत काय राहिले आणि काय गेले हे विद्यार्थ्यांना लगेच कळेल.

एकंदरीत छपाईला पाचपैकी तीन, पुस्तिकेला दोन आणि पाठवणीला पाच गुण देता येतील. ज्यांना होर्स्का यांची केवळ ओळख करून घ्यायची आहे त्यांनी हा संच घेऊ नये, कारण पुस्तिका चुकीच्या वाटेला लावते. ज्यांना आधीपासून माहिती आहे आणि व्यक्तिचित्रांचे पान व आत्मचित्र हवे आहे, त्यांनी सुटी मुद्रिते मिळतात का हे विचारावे. मला ती मिळाली नाहीत, पण मागणी वाढली तर विक्रेते नमतात असा अनुभव आहे. नवी आवृत्ती निघाली तर सहकलावंतांची नावे, काचचित्र नष्ट झाल्याची नोंद आणि मूळ मोजमापे या तीन गोष्टी तिच्यात आहेत की नाहीत, एवढे पाहूनच पैसे भरावेत.